कुंपणातली दोरी फळ्यावरून पुसायला हवी

बारावीला प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाचं कंपन एकाच दिशेत बांधलं जाणं, शिकवायची वेळ आली की फळ्यावर एक चित्र हमखास येतं. उभ्या फटींचं कुंपण, त्यातून ओवलेली दोरी. दोरी वर-खाली हलवली तर लाट पलीकडं जाते, आडवी हलवली तर फटीत अडते. पुढं आडव्या फटींचं दुसरं कुंपण काढायचं आणि तिथं लाट संपली असं दाखवायचं. दोन मिनिटांत चित्र होतं, मुलांना पटतं, पाठ पुढं सरकतो. ज्युनियर कॉलेज असो की खासगी क्लास, कोल्हापुरात असो की आणखी कुठं, हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. माझं म्हणणं असं की ते आता बंद करावं. अवघड गोष्ट सोपी करून सांगताना थोडं इकडंतिकडं झालं तर चालतं, पण हे चित्र ज्या ठिकाणी चुकतं तिथंच ध्रुवीकरणाचा सगळा अर्थ आहे.

पोलरॉइडच्या, म्हणजे प्रकाश ध्रुवित करणाऱ्या प्लॅस्टिकच्या, दोन पट्ट्या घ्या. एकीवर दुसरी ठेवून खिडकीकडं बघा आणि वरची हळूहळू फिरवा. एका स्थितीत उजेड दिसतो, तिथून ९०° फिरवलं की काळोख. इथपर्यंत कुंपणाचं चित्र निभावतं. आता त्या दोन पट्ट्या काळोखाच्या स्थितीतच धरा आणि मध्ये तिसरी पट्टी ४५° तिरकी सरकवा. जिथं तिसरी पट्टी आहे तेवढ्या भागातून उजेड परत दिसू लागतो. दोन कुंपणांनी लाट पुरती अडवली असताना मध्ये तिसरं कुंपण घातल्यावर ती वाट कशी मिळवते? फळ्यावरच्या चित्राकडं याचं उत्तर नाही. अडथळा वाढला आणि उजेडही वाढला, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं की त्यांच्या मनातली चाळण तिथंच फाटते.

चाळण हा शब्द मुद्दाम वापरतो. चाळणीतून जे खाली पडतं ते आधीपासून आत असतं. चाळण फक्त निवड करते. मुलं पट्टीला तशी चाळण समजतात. अध्रुवित प्रकाशात उभी आणि आडवी अशी दोन प्रकारची कंपनं भरलेली आहेत, पट्टी त्यातली उभी तेवढी पुढं पाठवते, असा त्यांचा समज होतो. पट्टी करते ते वेगळं. प्रकाशात कंप पावतं ते विद्युत क्षेत्र; येणाऱ्या क्षेत्राचा आपल्या दिशेतला घटक ती पुढं जाऊ देते, त्याला काटकोनातला घटक शोषून घेते. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा ही त्या पट्टीची दिशा असते; आधीची दिशा तो सोबत नेत नाही. ४५° तिरक्या पट्टीतून आलेला प्रकाश आता ४५° वरच कंप पावतो, आणि त्याचा शेवटच्या पट्टीच्या दिशेतला घटक शून्य नसतो. अकरावीत सदिशाचे घटक पाडायला शिकवतात, तेच गणित इथं लागतं. पहिल्या पट्टीतून निम्मा प्रकाश, मधल्या पट्टीतून त्याचा निम्मा, शेवटच्या पट्टीतून त्याचाही निम्मा, म्हणजे मूळ प्रकाशाचा १/८ भाग.

दोरीची बाजूही सांगायला हवी. खरीखुरी दोरी तिरक्या फटीतून ओवून हलवली तर फटीच्या कडा दोरीला ढकलतात आणि पलीकडं फटीच्या दिशेची, कमी उंचीची लाट निघते. म्हणजे दोरीलाही घटकांचं गणित कळतं. फळ्यावरच्या चित्राला मात्र कळत नाही, कारण तिथं फक्त दोनच शक्यता असतात, गेली किंवा अडली. मधला कोन कधी काढलेलाच नसतो.

त्या चित्रात दुसरीही चूक आहे, आणि तिला दोरीकडं उत्तर नाही. कुंपणाच्या फटी उभ्या असतील तर उभी लाट जाते, हे बघून मुलं पोलरॉइडमध्येही रेणूंच्या रांगा उभ्या असतील तर उभं कंपन जात असेल असं समजतात. घडतं बरोबर उलटं. पोलरॉइडची आजची पट्टी एडविन लँड यांच्या १९३८ च्या पद्धतीवर उभी आहे: पॉलिव्हायनिल अल्कोहोलचा पडदा तापवून एका दिशेनं ताणायचा, म्हणजे त्याच्या लांब साखळ्या त्या दिशेला लागतात, आणि मग त्यात आयोडीन मुरवायचं. आयोडीनमुळं इलेक्ट्रॉनांना साखळीच्या लांबीवर हलायला वाव मिळतो. जे विद्युत क्षेत्र साखळीला समांतर असतं ते या इलेक्ट्रॉनांना हलवतं आणि त्यात त्याची ऊर्जा खर्ची पडते. साखळीला काटकोनात असलेलं क्षेत्र सहीसलामत निघून जातं. बीएस्सीच्या प्रयोगशाळेत ३ सेंटिमीटर तरंगलांबीचा मायक्रोवेव्ह संच असेल तर चौकटीवर ५-६ मिलिमीटर अंतरानं तांब्याच्या तारा ताणून हे पाच मिनिटांत दाखवता येतं. तारा क्षेत्राला समांतर केल्या की पलीकडचा काटा पडतो, काटकोनात केल्या की चढतो. कुंपणाचं चित्र मनात घेऊन आलेला विद्यार्थी इथं दर वेळी उलटं उत्तर सांगतो.

वर्गातलं दुसरं लोकप्रिय चित्र म्हणजे चांदणीसारखे बाण. अध्रुवित प्रकाशात कंपनं 'एकाच वेळी सगळ्या दिशांना' होतात असं त्याखाली लिहिलेलं असतं. एका जागी, एका क्षणी विद्युत क्षेत्राला एकच दिशा असते. हिरव्या प्रकाशाचं क्षेत्र सेकंदाला सुमारे ६०० लाख कोटी वेळा मागं-पुढं होतं. सूर्याच्या किंवा बल्बच्या उजेडात काही मोजक्या हेलकाव्यांतच त्याची दिशा बदलते, तीही कुठल्याही नियमाविना. आपला डोळा किंवा मोजणीचं यंत्र इतक्या लवकर बघू शकत नाही, त्यामुळं सरासरीत सगळ्या दिशा सारख्या वाटतात. चांदणी ही त्या सरासरीची खूण आहे. हे सांगायला एक वाक्य पुरतं, पण ते सांगितलं नाही तर पुढं वर्तुळाकार ध्रुवीकरण आलं की मुलं त्यालाही 'सगळ्या दिशा' म्हणून अध्रुवित ठरवतात. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशात दिशा बदलते खरी, पण घड्याळाच्या काट्यासारखी शिस्तीत फिरते. थ्रीडी सिनेमाचे बरेचसे चष्मे या प्रकारचे असतात. तो घालून आरशासमोर एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यासमोरची काचच आरशात काळी दिसली तर चष्मा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा.

शब्दाबद्दलही थोडं. ध्रुवीकरण म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढं उत्तर ध्रुव-दक्षिण ध्रुव येतात, नाहीतर निवडणुकीच्या बातम्या. प्रकाशाला ध्रुव नाहीत. १८०८ मध्ये एतिएन मालू पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळतीचा उजेड कॅल्साइटच्या स्फटिकातून बघत होते. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशा दोन प्रतिमा आळीपाळीनं फिकट होत गेल्या. मालू प्रकाशाला कण मानणाऱ्यांपैकी. चुंबकाला जसे ध्रुव तसे या कणांनाही असावेत, अशा कल्पनेतून त्यांनी हा शब्द काढला. पुढं यंग आणि फ्रेनेल यांनी प्रकाश ही पुढं जाण्याच्या दिशेला काटकोनात हलणारी लाट आहे हे मांडलं, कणांचे ध्रुव गेले, शब्द राहिला. मराठी परिभाषेतला 'ध्रुवण' हा शब्द आटोपशीर आहे, पण ध्रुव त्यातही आहेच. शब्द बदलायचा आग्रह मी धरणार नाही. तो कुठून आला एवढं सांगितलं की मुलांची पंचाईत मिटते.

आता प्रयोगाकडं येऊ, कारण चुकीचे समज सगळ्यात घट्ट तिथं बसतात. मालूचा नियम पडताळायचा प्रयोग साधा: दिवा, दोन पट्ट्या, कोन मोजायची चकती, उजेड मोजायचं साधन. तीव्रता कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात बदलायला हवी. तीव्रता आणि कोसाइनचा वर्ग यांचा आलेख सरळ रेषेत येत नाही तेव्हा वहीत 'प्रयोगातील त्रुटी' असं लिहून मोकळं होतात. त्रुटी कुठली ते शोधलं तर निम्मं भौतिकशास्त्र तिथंच शिकून होईल. उजेड मोजायला एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो असा भाग) लावला असेल तर त्याचा रोध उजेडाच्या व्यस्त प्रमाणात बदलत नाही, त्यामुळं रेषा वाकणारच. छोटं सौर घट घेऊन मल्टिमीटर व्होल्टच्या खाचेवर ठेवला तरी तेच, कारण व्होल्टेज उजेडाच्या लॉगरिदमनं चढतं. तेच घट मायक्रोअँपिअरच्या खाचेवर लावा; प्रवाह उजेडाच्या प्रमाणात येतो आणि रेषा सरळ होते.

पट्ट्या काटकोनात असूनही काटा शून्यावर येत नाही ही दुसरी नेहमीची तक्रार. तंतूचा जुना बल्ब वापरला असेल तर कारण अवरक्त किरणांत आहे. आयोडीनची पट्टी अवरक्ताला नीट अडवत नाही, आणि सिलिकॉनच्या घटाला मात्र ते उत्तम दिसतं. पांढरा एलईडी लावला की बहुतेक प्रश्न सुटतो. लेसर पॉइंटर घेतला तर वेगळीच अडचण: त्याचा प्रकाश बहुधा आधीच ध्रुवित असतो, म्हणून पहिली पट्टी फिरवतानाच तीव्रता बदलते आणि 'पहिल्या पट्टीतून निम्मा' हे गणित कोलमडतं.

आणि तो १/८. प्रत्यक्ष मोजलं तर १/१६ च्या आसपास येतो आणि मुलं हिरमुसतात. खरी पट्टी स्वतःच्या दिशेचा प्रकाशही पुरता सोडत नाही, सुमारे ८० टक्के सोडते. तीन पट्ट्यांत तो तोटा तीनदा होतो. यावर उपाय सोपा आहे. आधी तिन्ही पट्ट्या एकाच दिशेत ठेवून वाचन घ्या, मग ०°, ४५°, ९०° असं लावून घ्या. दोन वाचनांचं गुणोत्तर १/४ यायला हवं, आणि येतं, कारण पट्ट्यांचा तोटा दोन्हीकडं सारखाच आहे. संदर्भ कुठला धरायचा हे समजणं मला सूत्र पाठ असण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

परावर्तनाबद्दल मुलांच्या वहीत एकच ओळ असते: परावर्तनानं प्रकाश ध्रुवित होतो. कोल्हापूरकरांना ही ओळ तपासायला टेबलावर दोन वस्तू पुरतात. हुपरीचे चांदीचे पैंजण आणि तेल देऊन चमकवलेली कोल्हापुरी चप्पल. खिडकीचा उजेड दोन्हींवर तिरका पडू द्या, पट्टीतून बघा आणि पट्टी फिरवा. चपलेवरची पांढरट झाक एका स्थितीत उतरते आणि खालचा चामड्याचा तांबूस रंग गडद होऊन वर येतो. पैंजणाची चमक मात्र जवळजवळ तशीच राहते. वीज न वाहणाऱ्या पदार्थाच्या पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो. धातूवरून होत नाही. आरसा, स्टीलचं ताट, चांदी यांना ती ओळ लागू नाही, आणि हे वहीत लिहिलेलं नसतं.

तो विशिष्ट कोन म्हणजे ब्रूस्टरचा कोन, पाण्यासाठी सुमारे ५३°, साध्या काचेसाठी ५६°. रंकाळ्याच्या काठावर उभं राहा. डोळे पाण्यापासून ३ मीटर उंच असतील तर समोर सुमारे ४ मीटरवरचं पाणी या कोनात दिसतं. पट्टीची दिशा उभी केली की पाण्याच्या त्या भागातली आभाळाची चकाकी जाते आणि पाण्याच्या आतलं दिसू लागतं. यात एक फसगत आहे. निरभ्र आभाळाचा उजेड स्वतःच ध्रुवित असतो, सूर्यापासून ९०° अंतरावर सगळ्यात जास्त. संध्याकाळी मावळता सूर्य उजव्या किंवा डाव्या हाताला ठेवून पाण्याकडं पाहिलं तर तिथली चकाकी पट्टीविनाच फिकी असते, आणि श्रेय कुणाला द्यायचं हा घोळ होतो. म्हणून हा प्रयोग ढगाळ दिवशी, वारा पडलेला असताना करावा. पावसाळ्यात कोल्हापूरला त्याला तोटा नाही. आभाळाचं ध्रुवीकरण बघायचं ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या स्वच्छ सकाळी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सागरप्रवासात हीच युक्ती केली होती. निकोल लोलक (पोलरॉइडच्या पट्टीचंच काम करणारा कॅल्साइटचा लोलक) धरून त्यांनी समुद्रावरची आभाळाची चकाकी काढून टाकली, तरी निळा रंग उरला. म्हणजे तो नुसता आभाळाचं प्रतिबिंब नव्हता, पाण्याच्या रेणूंकडून विखुरलेला प्रकाश होता.

याच कोनाबद्दल आणखी एक गैरसमज परीक्षेत दरवर्षी गुण घालवत असणार: परावर्तित किरण पूर्ण ध्रुवित, म्हणून आत गेलेला किरणही पूर्ण ध्रुवित. काचेच्या एका पृष्ठभागावर ब्रूस्टरच्या कोनात एकूण जेमतेम ७.४ टक्के प्रकाश परततो. एका दिशेचा सगळा आणि दुसऱ्या दिशेचा ८५ टक्के आत जातो. आतला किरण कसाबसा ८ टक्के ध्रुवित होतो. म्हणूनच आरपार जाणारा किरण ध्रुवित करायला पूर्वी एकावर एक काचा रचून गठ्ठा करावा लागे.

आता या जिल्ह्याशी सगळ्यात जवळची गोष्ट. गळीत हंगामात इथल्या प्रत्येक साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रोज रसाचं 'पोल' काढतात. ऊस लावणाऱ्या घरात पोल, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या सगळ्या ऐवजाचं माप), उतारा (उसातून हाती येणारी साखर) हे शब्द जेवताना निघतात. त्या घरातला मुलगा किंवा मुलगी बारावीत ध्रुवीकरण शिकते, आणि पोल हा शब्द त्याच ध्रुवीकरणातून आला आहे हे तिला कुणी सांगत नाही. पोल म्हणजे पोलरीमीटरचं वाचन. २६ ग्रॅम शुद्ध साखर विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर करायचं, २०० मिलिमीटरच्या नळीत भरायचं. सोडियमचा पिवळा ध्रुवित प्रकाश त्यातून जाताना त्याची दिशा ३४.६° नं उजवीकडं वळते. यालाच साखरेच्या मापावर १०० धरतात.

तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडला की पोल का उतरतं, याचंही उत्तर इथंच आहे. साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ग्लुकोज प्रकाश उजवीकडं वळवतं, पण फ्रुक्टोज त्याहून जास्त जोरात डावीकडं. दोन्ही मिळून दिशा डावीकडंच जाते. रसात विरघळलेला ऐवज कमी झालेला नसतो, ऊस वाळल्यानं ब्रिक्स उलट चढलेलंही असू शकतं, आणि पोल मात्र पडतं. शिळ्या उसाला उतारा का मिळत नाही यावर घरात जी चर्चा होते, तिच्यातला हा भाग वर्गातल्या पाठातच सुटतो.

हा प्रयोग कॉलेजात करताना एक चूक ठरलेली. '१०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम' वाचून मुलं १०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर टाकतात. द्रावण १३० मिलिलिटरच्या आसपास जातं, आणि १० सेंटिमीटर लांबीच्या भांड्यात ३३° ऐवजी २५° वळण येतं. आधी थोड्या पाण्यात साखर विरघळवून मग १०० च्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. पांढरा दिवा लावला तर पूर्ण काळोख कधीच होत नाही, रंग बदलत राहतात, कारण निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा बराच जास्त वळतो. सोडियम दिवा नसेल तर पिवळा एलईडी चालतो. गुळाचं पाणी मात्र गढूळ असतं, ते स्वच्छ केल्याशिवाय वाचन मिळत नाही.

इथं हुशार मूल विचारतं की पाण्यात रेणू वाटेल तसे पडलेले असताना त्यांचा परिणाम एकमेकांना मारत का नाही. स्क्रूचं उदाहरण द्यावं. उजव्या आट्यांचा स्क्रू टोकाकडून बघा किंवा डोक्याकडून, आटे उजवेच. साखरेचा रेणू तसा एका हाताचा आहे. उलटा पडला म्हणून डावा होत नाही.

एवढं सगळं करायला वेळ कुठं आहे, सीईटी आणि नीटला पर्याय निवडायचे असतात, असं म्हटलं जातं. ही अडचण खरी आहे, आणि शिक्षकांवर असलेला दबावही खरा आहे. म्हणून परीक्षेचंच उदाहरण घेतो. तीन पट्ट्या, पहिली आणि शेवटची काटकोनात, मधली पहिलीपासून ३०° वर. अध्रुवित प्रकाशाचा किती भाग बाहेर पडेल? उत्तर ३/३२. चुकणारी मुलं दोन प्रकारची. एक गट पहिल्या पट्टीतला निम्मा विसरतो आणि ३/१६ लिहितो. दुसरा गट शून्य लिहितो. तो शून्य कुंपणाच्या चित्रानं दिलेला आहे. दहा मिनिटं तीन पट्ट्या हातात दिल्या असत्या तर तो पर्याय कुणी निवडला नसता.

खर्चाची सबबही टिकत नाही. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात फुटलेले एलसीडी पडदे पडलेले असतात. काचेच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंना पोलरॉइडचा पडदा चिकटवलेला असतो. हातमोजे घालून, कोपऱ्यातून ब्लेडनं उचकटून सावकाश सोलायचा. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो. १५.६ इंची पडद्यातून ५ सेंटिमीटरचे ३६ चौकोन होतात, म्हणजे बारा गटांना प्रत्येकी तीन. कापण्याआधी दिशा ठरवून घ्या, कारण काही पडद्यांत ती कडेला समांतर असते, काहींत ४५° तिरकी. चकचकीत फरशीवरची चकाकी पट्टीतून बघत पट्टी फिरवायची. चकाकी सगळ्यात कमी झाली की पट्टीची दिशा उभी. तिथं मार्करनं रेघ ओढायची आणि मगच कात्री लावायची. रेघ विसरली तर ३६ चौकोन एकेक करून पुन्हा तपासावे लागतात.